आकड्यांच्या आधी आलेली माणसं

“काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जे जे खाल्लं-प्यायलं, ते आठवून सांगाल का?”

विद्यापीठातल्या आहारविषयक संशोधनासाठी मुलाखती घेण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. हा प्रश्न विचारला की उत्तर यायच्या आधी माणूस थोडा थांबतो. कुणी छताकडे बघतं, कुणी सोबत आलेल्या नातेवाइकाकडे. बहुतेकांची नजर मात्र माझ्या हातातल्या फॉर्मवर जाते. आपण जे सांगू ते कुठल्या रकान्यात जाऊन बसणार, याचा अंदाज आल्याशिवाय बोलावंसं वाटत नाही. त्यात वावगं काहीच नाही. आपल्या ताटात काल काय होतं हे अनोळखी बाईला सांगायचं म्हणजे घरातली चणचण, एकटेपण, आजारपण, हौस आणि लाज हे सगळं थोडं थोडं उघडं करायचं. पगाराचा आकडा सांगणं त्या मानाने सोपं.

या पद्धतीला चोवीस तासांचं आहार-स्मरण म्हणतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने तिचे पाच टप्पे बसवले आणि पुढे ते बऱ्याच ठिकाणी वापरले जाऊ लागले. आधी माणसाला न टोकता भराभर यादी सांगू द्यायची. मग हमखास विसरल्या जाणाऱ्या गोष्टी विचारायच्या: पेयं, गोड, मधल्या वेळचं खाणं. मग प्रत्येक खाण्याची वेळ आणि प्रसंग. मग प्रमाण, तेही वाट्या, चमचे नाहीतर चित्रं दाखवून. आणि शेवटी पुन्हा एकदा, “अजून काही आठवतंय का?” माझ्या अनुभवात सगळ्यात मोलाचं जे काही येतं ते या शेवटच्या टप्प्यावर येतं. तोपर्यंत समोरच्याला खात्री पटलेली असते की ही बाई भुवया उंचावत नाही. “हां, रात्री झोप येईना, तेव्हा उठून थोडं खाल्लं,” असं वाक्य तेव्हा येतं, आणि त्या ‘झोप येईना’साठी फॉर्मवर रकाना नसतो.

हे एवढ्या तपशिलात सांगते आहे, कारण शास्त्रज्ञांनी या आठवणींची परीक्षा घेतली तेव्हा निकाल धक्कादायक आला होता. परीक्षेचं साधन होतं खास पाणी. त्यातल्या हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे काही अणू नेहमीपेक्षा जड असतात. ते किरणोत्सारी नसतात, त्यामुळे पिणाऱ्याला धोका नसतो. जड हायड्रोजन शरीरातून पाण्यावाटे बाहेर पडतो, तर जड ऑक्सिजन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड अशा दोन्ही वाटांनी जातो. काही दिवस लघवीचे नमुने तपासून दोघांच्या बाहेर पडण्याच्या वेगातला फरक काढला की शरीराने किती ऊर्जा खर्च केली ते कळतं. डेल शोलर यांनी १९८२ मध्ये ही पद्धत माणसांवर वापरून दाखवली. वजन स्थिर असेल तर जेवढी ऊर्जा खर्च झाली जवळपास तेवढी पोटात गेलीच असणार. म्हणजे माणसाने सांगितलेला आकडा आता पडताळता येऊ लागला.

१९९२ साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. दिवसाला १२०० कॅलरींहून कमी खातो तरी वजन उतरत नाही, असं सांगणारी १० माणसं त्यांनी बारकाईने अभ्यासली. त्यांची चयापचयाची गती ठीक निघाली. फरक सांगण्यात होता. प्रत्यक्षात खाल्लेल्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी त्यांनी सांगितलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. हा निबंध अजूनही ‘लठ्ठ माणसं खोटं बोलतात’ याचा पुरावा म्हणून पुढे केला जातो, आणि दर वेळी मला त्याचा राग येतो. समोर बसून ऐकलेल्या कुणालाही माहीत असतं की हे खोटं बोलणं नव्हे. ज्या माणसाला वर्षानुवर्षं ताटावरून बोलणी खावी लागली आहेत, त्याची आठवणही त्या बोलण्याला घाबरून आखडती होते. निबंधातले ४७ टक्के मला समाजाने त्या १० जणांशी जे वर्तन केलं त्याचं माप वाटतात. संशोधनातून असा अर्थ निघत नाही असं कुणी म्हणेल, तर म्हणो. इतक्या लोकांसमोर बसल्यावर माझं मत हेच झालं आहे. अन्नाचा प्रत्येक आकडा कुणातरी माणसातून येतो, आणि माणूस प्रयोगशाळेत येताना मन दाराबाहेर काढून ठेवत नाही.

सहभागी माणूस निघून गेला की दुसरं काम सुरू होतं. त्याने सांगितलेल्या पदार्थांचं ऊर्जा, प्रथिनं, लोह, कॅल्शियम यांत रूपांतर करायचं. त्यासाठी पदार्थांतल्या पोषकद्रव्यांचे तक्ते लागतात. संगणकाच्या काळात ते एका बटणामागे दडलेले असतात, म्हणून ते कुणीतरी घाम गाळून बनवले हे लक्षातही येत नाही. त्या कामातलं एक मोठं नाव म्हणजे एल्सी विडोसन.

१९३३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तिची रॉबर्ट मॅकान्स या डॉक्टरशी गाठ पडली. तो शिजवल्यावर मांसातलं काय टिकतं, काय जातं हे तपासत होता. तिने फळांतल्या साखरेवर काम केलं होतं आणि फळांविषयीच्या त्याच्या प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत चूक आहे हे तिच्या ध्यानात आलं होतं: तपासणीच्या पद्धतीत आम्लामुळे काही फ्रुक्टोज नष्ट होत होतं, म्हणून आकडे कमी येत होते. तिने ते त्याला स्पष्ट सांगितलं. त्याने राग न धरता तिला सोबत काम करायला बोलावलं. तिथून सुरू झालेली भागीदारी १९९३ मध्ये मॅकान्स वारला तोवर टिकली. त्यांचे तक्ते १९४० साली पुस्तकरूपाने आले आणि सुधारत सुधारत त्याच दोन नावांनी आजही ओळखले जातात. एका तरुणीने दाखवलेली चूक नम्रपणे मान्य करणारा वरिष्ठ त्या काळात किती जणींना भेटला असेल, असा विचार हे वाचताना प्रत्येक वेळी मनात येतो.

पण मला या दोघांचं खरं अप्रूप वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. जे दुसऱ्याला करायला सांगायचं ते आधी स्वतः करायचं, हा त्यांचा नेम होता. शरीरातून मीठ संपलं तर काय होतं हे पाहायला मॅकान्सच्या स्वयंसेवकांनी बिनमिठाचं जेवण जेवून, उष्णतेखाली पडून घाम काढला. अन्नाची चव गेली, पायांत गोळे आले, थकवा इतका की नको वाटावं. आणि मीठ मिळाल्यावर ते फार लवकर सावरले. स्ट्रॉन्शियम हा कॅल्शियमसारखा धातू शरीराबाहेर कुठल्या वाटेने जातो हे तपासायला विडोसन आणि मॅकान्स यांनी तो स्वतःला टोचून घेतला. नवीन तयार केलेल्या द्रावणात जंतूंचा दोष होता; दोघं थंडीतापाने आडवे झाले. त्याही अवस्थेत पुढचे नमुने गोळा होत राहिले. महायुद्ध सुरू झाल्यावर लोकांना किती कमी रेशनवर तंदुरुस्त ठेवता येईल हा प्रश्न आला, तेव्हा हे दोघं आणि त्यांचे सहकारी काही महिने थोडंसं मांस, थोडं दूध, अगदी मोजकी साखर, आणि पाव, बटाटे व कोबी भरपूर, एवढ्यावर राहिले. मग १९४०च्या जानेवारीत इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये सायकली आणि डोंगर चढून त्यांनी आपलं बळ तपासलं. बळ टिकलं होतं. अडचण निघाली कॅल्शियमची: कोंडा न काढलेल्या पिठातलं फायटेट नावाचं द्रव्य कॅल्शियम शोषू देत नव्हतं. त्यातूनच ब्रिटनमध्ये पावाच्या पिठात खडूची पूड मिसळायचा निर्णय झाला.

स्वतःवर प्रयोग करावेत असं माझं म्हणणं नाही. आजची कुठलीही नीतिसमिती यातल्या निम्म्या गोष्टींना परवानगी देणार नाही आणि ते योग्यच आहे. पण ज्याने स्वतः पायात गोळे येऊन रात्र काढली आहे, तो माणूस सहभागीची तक्रार वहीत ‘किरकोळ त्रास’ म्हणून लिहिणार नाही. एवढं मला नक्की वाटतं.

स्वयंसेवकांच्या बाबतीत मात्र ज्याची आठवण काढल्याशिवाय पुढे जाताच येत नाही असा प्रयोग त्याच युद्धाच्या काळातला, अटलांटिकच्या पलीकडचा. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांची प्रयोगशाळा फुटबॉल स्टेडियमच्या बैठकांखाली होती. युरोपात लाखो लोक उपासमारीत होते. युद्ध संपल्यावर त्यांना कसं, किती आणि काय खाऊ घालायचं याचं शास्त्रच नव्हतं. त्यासाठी निरोगी माणसांना आधी उपाशी ठेवणं भाग होतं. सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून हत्यार हाती घ्यायला नकार दिलेल्या आणि त्याऐवजी नागरी सेवेत असलेल्या तरुणांना आवाहन केलं गेलं. शेकडोंनी तयारी दाखवली, ३६ जणांची निवड झाली. ज्यांना देशात भित्रे म्हटलं जात होतं, त्यांनी लढाईच्या बदल्यात हे पत्करलं होतं.

१९४४च्या नोव्हेंबरात सुरुवात झाली. पहिले १२ आठवडे व्यवस्थित जेवण, दिवसाला सुमारे ३२०० कॅलरी. मग २४ आठवडे त्याच्या जवळपास निम्मं: साधारण १५७० कॅलरी, दिवसातून दोनदा, बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी, म्हणजे उपाशी युरोपात मिळत होतं तसंच. सोबत आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणं. प्रत्येकाचं वजन चतुर्थांशाने उतरवायचं ठरलं होतं. शरीराने काय केलं ते कीज यांनी नोंदलं: नाडीचे ठोके सरासरी ५५ वरून ३५ पर्यंत आले, चयापचय जवळपास ४० टक्क्यांनी मंदावलं, पाय सुजले, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली. कडक खुर्चीवर बसवेना म्हणून ती मुलं उशा घेऊन हिंडू लागली.

पण प्रयोगाच्या अहवालाच्या १३००हून अधिक पानांच्या दोन खंडांत, जे १९५० साली प्रसिद्ध झाले, माझं बोट थांबतं ते मनाच्या नोंदींवर. या तुकडीत मानसशास्त्रज्ञही होते, योसेफ ब्रोझेक आणि हॅरॉल्ड गेट्झको, आणि त्यांचा अभ्यास शोभेपुरता नव्हता. विद्यापीठात मदतकार्याचं शिक्षण घ्यायला उत्साहाने आलेल्या त्या मुलांची वर्गातली हजेरी हळूहळू थांबली. राजकारणावरच्या चर्चा मिटल्या. मुलींविषयीची ओढ गेली. हसणं कमी झालं. जेवणाला दोन-दोन तास लागू लागले; पुढ्यातलं अन्न कालवून, त्यात पाणी घालून, जपून जपून खाल्लं जाई आणि ताट चाटून पुसलं जाई. कुणी पाककृतींची पुस्तकं जमवायला लागलं, एकाकडे जवळपास शंभर झाली. च्युइंग गम इतकं चघळलं जाई की त्यावर बंधन आणावं लागलं, कॉफीवरही. एकट्याने बाहेर गेल्यावर मोह आवरत नाही हे उघड झालं तेव्हा बाहेर जाताना सोबत एक जोडीदार न्यायचा नियम आला. काही जण पथ्य मोडल्यामुळे किंवा इतर कारणांनी हिशेबातून वगळले गेले, आणि अखेर विश्लेषणात ३२ जण उरले.

इथे मी थोडी रेंगाळते, कारण आहाराच्या सल्ल्यात आजही जे म्हटलं जातं त्याच्या बरोबर उलट या नोंदी आहेत. निर्धार कमी पडला म्हणून माणूस अन्नाचाच विचार करत राहतो, असं सहज म्हटलं जातं. या तरुणांच्या निर्धाराबद्दल शंका घ्यायला कुठे जागा आहे? तत्त्वासाठी त्यांनी सगळ्या देशाचा राग ओढवून घेतला होता. तरीही २४ आठवड्यांच्या अर्ध्या जेवणाने त्यांची स्वप्नं, गप्पा, छंद, स्वभाव, सगळं अन्नाभोवती गोळा झालं. जेवणावरून ग्रासलेपण हे भुकेचंच लक्षण आहे, चारित्र्याचं नव्हे. खाण्याच्या विकारांवर उपचार करणारे डॉक्टर पुढे या नोंदींकडे पुन्हा पुन्हा वळले ते यासाठीच: रुग्णाचे किती विचार आजाराचे आणि किती निव्वळ उपासमारीचे, हे वेगळं काढायला त्यांना दुसरा एवढा चांगला आधार नव्हता.

पुन्हा खायला दिल्यावर सगळं ठीक व्हायला हवं होतं. झालं नाही. पूर्ववत होण्याच्या १२ आठवड्यांत माणसांचे गट करून वेगवेगळ्या कॅलरी दिल्या, प्रथिनं आणि जीवनसत्त्वं कमी-जास्त करून पाहिली. जीवनसत्त्वांनी विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो अन्नाच्या एकूण प्रमाणाने, आणि ठरवलेलं प्रमाण इतकं अपुरं निघालं की मध्येच सगळ्यांचं वाढवावं लागलं. उपासमारीतून उठलेल्या प्रौढाला काही महिने दिवसाला सुमारे ४००० कॅलरी लागतात, असा निष्कर्ष कीज यांनी काढला. या टप्प्यातली उदासी काही जणांना उपाशी असतानापेक्षाही जड गेली. एकाच्या हातून लाकडं फोडताना कुऱ्हाडीने स्वतःचीच तीन बोटं तुटली. ते मुद्दाम केलं की चुकून झालं, हे आपल्याला कधीच सांगता येणार नाही असं त्याने म्हातारपणी सांगितलं. हॉस्पिटलातून त्याने एकच विनंती केली: मला प्रयोगातून काढू नका.

युरोपातलं युद्ध मेमध्येच संपलं होतं, म्हणजे प्रयोग अजून अर्धा असताना. सविस्तर निष्कर्षांची वाट बघायला उपाशी लोकांना वेळ नव्हता. म्हणून गेट्झको आणि पॉल बोमन यांनी १९४६ साली मदतकार्यावर जाणाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका काढली. ती होती उपाशी माणसाच्या मनाविषयी. भुकेला माणूस चिडचिडा, संशयी, उदासीन का दिसतो, त्याला कृतघ्न का समजू नये, हे अन्न वाटणाऱ्याला आधी कळायला हवं, हे त्यांनी ओळखलं. विद्यापीठाच्या भिंतींआड झालेलं काम इतक्या थेट माणुसकीच्या कामी आलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

विडोसन युद्धानंतर जर्मनीत गेली. वुपरटाल शहरात राहून तिथल्या कुपोषणाचा अभ्यास करायचा होता. तिथे तिच्या हाती आलेला एक निकाल तिने १९५१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडला, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात इतका शहाणा निबंध दुसरा नाही. दोन छोटी अनाथालयं होती, प्रत्येकात ५० च्या आसपास मुलं. पहिले ६ महिने दोघांना सरकारी रेशन. मग एकातल्या मुलांना जास्तीचा पाव, जॅम आणि संत्र्याचा रस द्यायचा आणि वजन-उंची वाढते का पाहायचं. साधा, सरळ प्रयोग. निकाल उलटा लागला. जास्तीचं खाणाऱ्या मुलांची वाढ मंदावली आणि रेशनवरच्या मुलांची वेगाने होऊ लागली.

कारण प्रयोगाच्या आराखड्यात नव्हतंच. ज्या आठवड्यांत जास्तीचं अन्न सुरू झालं, नेमक्या त्याच सुमारास एका अनाथालयाची कडक संचालिका बदलून दुसऱ्यात आली होती. ही बाई मुलांना रागवायला, सगळ्यांसमोर अपमान करायला जेवणाचीच वेळ निवडायची. मुलं जेवायला बसलेली, अन्न पुढ्यात निवतंय, आणि कुणीतरी रडतंय. ती जिथून गेली त्या अनाथालयातली मुलं त्याच रेशनवर फोफावली. ती आली तिथली मुलं जास्त खाऊनही खुरटली. तिच्या लाडक्या आठ मुलांना ती सोबत घेऊन आली होती. ती मुलं मात्र जास्तीच्या अन्नावर चांगली वाढली. बिघडलेला प्रयोग म्हणून कुणी हे कागद फाइलमध्ये टाकून दिले असते. विडोसनने तसं केलं नाही. ती त्या आलेखातल्या अनपेक्षित वळणामागे गेली आणि तिथे एक माणूस सापडला.

त्या मुलांची परवानगी घेण्याचा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनात येण्यासारखा नव्हता. आज त्यावर चर्चा झाली असती, पालकत्व कुणाकडे, सही कुणाची. व्हायलाच हवी. आणि आणखी एक गोष्ट: त्या बाईचं वागणं दिसत असताना मोजमाप चालू ठेवायचं की हस्तक्षेप करायचा? या प्रश्नाने मी अस्वस्थ होते.

या मुलांचा निकाल मनात ठेवून मी अलीकडची संशोधनं वाचते. ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठाच्या फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली: नैराश्य असलेल्या आणि आहार निकृष्ट असलेल्या ६७ जणांपैकी निम्म्यांना १२ आठवडे आहारतज्ज्ञाची मदत, उरलेल्यांना तेवढ्याच भेटींत गप्पा-सोबत. आहार गटातल्या सुमारे ३२ टक्के लोकांचं नैराश्य ओसरलं, दुसऱ्या गटातल्या ८ टक्के लोकांचं. आकडे आशा देणारे आहेत. पण औषधाच्या गोळीसारखं इथे काही लपवता येत नाही. आपल्या ताटात काय बदललं हे प्रत्येकाला दिसतं, आणि आपल्याला ‘फक्त गप्पा’ मिळाल्या हेही कळतं. गप्पांच्या गटातले लोक जास्त संख्येने अर्ध्यावर निघून गेले. त्यामुळे ३२ मधलं किती अन्नाचं आणि किती कुणीतरी आपल्या जेवणाकडे प्रेमाने लक्ष दिल्याचं, हे या चाचणीतून सुटं होत नाही. मला स्वतःला त्याची खंत वाटत नाही. संशोधक म्हणून ते वेगळं काढायचा प्रयत्न व्हावा. पण उपचार म्हणून आहारतज्ज्ञाचं लक्ष आणि ताटातलं अन्न एकत्रच मिळत असेल, तर एकत्रच मिळू दे.

तरीही १२ आठवडे म्हणजे माणसाच्या आयुष्याचा किती छोटा तुकडा. म्हणून न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या ड्युनेडिन अभ्यासाविषयी वाचताना मला वेगळाच हुरूप येतो. १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७३ या काळात ड्युनेडिनच्या एका प्रसूतिगृहात जन्मलेली १०३७ मुलं वयाच्या तिसऱ्या वर्षी अभ्यासात आली. फिल सिल्वा यांनी हा अभ्यास सुरू केला. तेव्हापासून दर काही वर्षांनी त्यांचं रक्त, दात, फुप्फुसं, वजन, झोप, भीती, व्यसनं, कर्ज, लग्नं, सगळं विचारलं आणि तपासलं जातं. पांगलेल्यांना जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातून विमानाने आणलं जातं. ४५ व्या वर्षाच्या फेरीला हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के लोक आले. दीर्घकाळ चालणाऱ्या अभ्यासांत माणसं गळत जातात, आणि बहुधा आजारी, गरीब, तुरुंगात गेलेली, खचलेली आधी गळतात. मग उरलेल्यांच्या आकड्यांवरून जग प्रत्यक्षापेक्षा निरोगी दिसायला लागतं. इथे ती राहिली. सांगितलेलं बाहेर जात नाही यावर त्यांचा विश्वास बसला म्हणून राहिली.

त्या विश्वासातून काय हाती आलं? एकच उदाहरण देते. कुठल्या ना कुठल्या मानसिक विकाराचे निकष आयुष्यात कधीतरी पूर्ण झाले असे लोक ४५ व्या वर्षापर्यंत ८६ टक्के निघाले. माणसाला आयुष्यात एकदाच विचारलं तर हा आकडा कितीतरी कमी येतो, कारण वीस वर्षांपूर्वीचं दुःख आठवणीत बोथट होतं. पुन्हा पुन्हा, त्या त्या वेळी विचारल्यामुळे तो दिसला. मनाचं आजारपण हा काही मोजक्या लोकांचा दोष असल्यासारखं बोलणाऱ्या प्रत्येकाला मी हा आकडा ऐकवते. आणखी एक: ३८ व्या वर्षी या समवयस्कांच्या शरीराचं जैविक वय, म्हणजे शरीर किती झिजलंय यावरून काढलेलं वय, मोजलं तेव्हा ते २८ पासून ६१ पर्यंत पसरलेलं होतं. एकाच वर्षात जन्मलेली माणसं, आणि कुणाचं शरीर साठीला टेकलेलं.

या अभ्यासाचे अनेक वर्षं संचालक असलेले रिची पोल्टन २०२३ मध्ये गेले. सहभागी आता पन्नाशीच्या पुढे आहेत. म्हातारपणाकडे कोण कसं सरकतं, तिशीतलं खाणं आणि चाळिशीतली काळजी सत्तरीत कुठे उगवते, हे प्रश्न पुढच्या फेऱ्यांचे आहेत. त्यांची उत्तरं द्यायला नवी माणसं भरती करून चालणार नाही. तीच माणसं यायला हवीत, गुडघे दुखत असले तरी, आणि त्यांनी यावं असं वाटत असेल तर दारात त्यांना ओळखणारं, नावाने हाक मारणारं आणि कागदावर नजर जायच्या आधी त्यांच्याकडे बघणारं कुणीतरी पगारावर ठेवलेलं असायला हवं. संशोधनाच्या प्रस्तावात मला या खर्चाचा रकाना अजून कधी दिसलेला नाही. उपकरणांचा असतो, प्रवासाचा असतो. पुढच्या वेळी प्रस्ताव वाचायला आला तर मी हा रकाना मागणार आहे.